‘प्रॉपर्टी’ या शब्दाची वहिवाट

इसवी सन १३९८ च्या सुमारास इंग्लंडमधील बर्कली येथील धर्मोपदेशक जॉन ट्रेव्हिसा याने एका जाडजूड लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर हातावेगळे केले. मूळ ग्रंथ तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बार्थोलोमेअस नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने लिहिलेला होता. एकोणीस खंडांच्या या ग्रंथाचे नाव ‘वस्तूंच्या प्रॉपर्टींविषयी’ असे होते. आजचा वाचक हे नाव वाचून घरे, जमिनी, दागदागिने यांची अपेक्षा करील. ग्रंथात मात्र देवदूत आहेत, ग्रह आणि ऋतू आहेत, दगड, वनस्पती, पशू, रंग आणि वास आहेत. आगीचा दाह, पाण्याचा ओलावा, सिंहाचे शौर्य हे त्या त्या वस्तूचे ‘प्रॉपर्टी’. मराठीत आपण ज्याला गुणधर्म म्हणतो, तोच येथे अभिप्रेत होता. या शब्दात ‘मालकीची वस्तू’ हा अर्थही चौदाव्या शतकातच डोकावू लागला होता. तथापि तो सतराव्या शतकापर्यंत विरळच राहिला. ज्या काळी वस्तूंच्या ठिकाणी ‘प्रॉपर्टी’ असे, त्या काळापासून वस्तूच माणसांची ‘प्रॉपर्टी’ होईपर्यंतचा हा प्रवास चांगला तीनशे वर्षांचा आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘प्रोप्रिउस’ या विशेषणात सापडते. त्याचा अर्थ ‘स्वतःचे’, ‘ज्याचे त्याचे’, ‘इतरांशी न वाटलेले’ असा. त्यावरून ‘प्रोप्रिएतास’ हे भाववाचक नाम झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्या कोठवर पसरतात हे पाहण्याजोगे आहे. व्याकरणातील विशेषनामाला इंग्रजीत जे ‘प्रॉपर’ विशेषण लागते ते येथलेच. विशेषनाम म्हणजे ज्याचे त्याचे खास नाव. फ्रेंच भाषेत ‘प्रोप्र’ या शब्दाचा अर्थ ‘स्वतःचे’ असाही होतो आणि ‘स्वच्छ’ असाही. इंग्रजीतील ‘प्रोप्रायटी’ म्हणजे शिष्टाचार किंवा औचित्य. परंतु टॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध केले तेव्हा त्यात मालकी या अर्थी तोच शब्द वापरला होता. ‘प्रॉपर्टी’ आणि ‘प्रोप्रायटी’ ही जुळी भावंडे पुढे विभक्त झाली. एकाच्या वाट्याला जमीनजुमला आला, दुसऱ्याच्या वाट्याला सभ्यता. ज्याच्यापाशी पहिले आहे त्याच्यापाशी दुसरे असतेच, हा समज मात्र इंग्रज समाजात दीर्घकाळ टिकून राहिला.

बार्थोलोमेअस फ्रान्सिस्कन होता ही गोष्ट येथे केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून घ्यायची नाही. ‘वस्तूंच्या प्रॉपर्टीं’चा कोश रचणारा हा साधू ज्या पंथाचा होता, त्या पंथाने ‘प्रोप्रिएतास’चा, म्हणजे मालकीचा, व्रत म्हणून त्याग केला होता. संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी एकेकट्याने आणि समूहाने, दोन्ही प्रकारे काहीही आपले म्हणावयाचे नव्हते. पण साधूंनाही भाकरी लागते, अंगावर वस्त्र लागते, प्रार्थनेला पोथी लागते. तेव्हा पोप तिसरा निकोलस याने १२७९ साली एक तोडगा अधिकृत केला : साधूंचा तो केवळ उपयोग, मालकी पोपपीठाची. हा तोडगा सुमारे चाळीस वर्षे चालला. १३२२ मध्ये पोप बाविसावा जॉन याने तो मोडीत काढला. त्याचा युक्तिवाद वकिली होता आणि बिनतोडही वाटतो. जी वस्तू वापरताच नष्ट होते तिच्या बाबतीत उपयोग आणि मालकी वेगळी कशी काढणार? खाल्लेली भाकरी खाणाऱ्याची नव्हती, तर ती कोणाची होती? पुढच्याच वर्षी, येशू आणि त्याचे शिष्य यांच्यापाशी काहीच नव्हते असे म्हणणे हे पाखंड ठरविण्यात आले. विल्यम ऑफ ऑकम हा तत्त्वज्ञ १३२८ मध्ये अ‍ॅव्हिन्यॉनहून निसटला आणि म्यूनिकला बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाने राहून पोपविरुद्ध लिहीत राहिला, त्याच्या मुळाशी हा भाकरीचा प्रश्न होता. मालकी म्हणजे नेमके काय, केवळ हाताळणे की दुसऱ्याला हाताळू न देण्याचा हक्क, याचा एवढा सूक्ष्म खल युरोपात कायदेपंडितांच्या बरोबरीने भिक्षेकऱ्यांनी केला, हे विसरता कामा नये.

इंग्रजी बोलीत या शब्दाने आणखी एक घर केले, ते रंगभूमीवर. नाटकाला लागणाऱ्या वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ म्हणण्याचा प्रघात शेक्सपिअरपूर्वीचा आहे. लंडनमधील नाट्यव्यावसायिक फिलिप हेन्स्लो याच्या कागदपत्रांत १५९८ सालच्या मार्च महिन्यातील एक यादी होती. त्या यादीत खडक, पिंजरा, थडगे आणि नरकाचे मुख प्रत्येकी एक नग अशी नोंद आहे, आणि त्याच यादीत रोम शहरही आहे. नाटक मंडळीचा हा ठेवा खरा तर कोणाच्याच कामाचा नसतो. खेळ सुरू असेतोवरच त्याला किंमत. मराठी नाटक मंडळ्यांनी हा शब्द जसाच्या तसा घेतला आणि आजही पडद्यामागे तलवारी, कंदील, टेलिफोन सांभाळणाऱ्याकडे ‘प्रॉपर्टी’ असते. हाच शब्द नाट्यगृहाबाहेर पडला की त्याचा अर्थ फ्लॅट असा होतो.

आता इंग्लंडच्या कायद्याकडे वळावयाचे, तर तेथे एक विस्मयकारक उणीव आढळते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तत्त्वतः सर्व जमीन राजाची झाली. बाकी सारे ती कोणाकडून तरी ‘धारण’ करणारे. उमरावाची असे ती ‘इस्टेट’, आणि या शब्दाचा मूळ अर्थ स्थिती किंवा दर्जा असा आहे. हलविता येणाऱ्या मालासाठी ‘चॅटल’ हा शब्द होता. त्याचे मूळ ‘डोके’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत जाते आणि गुरे या अर्थाचा ‘कॅटल’ व भांडवल या अर्थाचा ‘कॅपिटल’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. मराठी माणसाला ‘गोधन’ हा शब्द ठाऊक असल्याने यात नवल वाटणार नाही. एवढ्या शब्दसंभारात जमिनीच्या निरपवाद मालकीला सरळ नाव नव्हते. तो अर्थ सतराव्या शतकातल्या यादवीने ‘प्रॉपर्टी’ला मिळवून दिला.

१६४७ च्या शरद ऋतूत लंडनजवळ पटनी येथे क्रॉमवेलच्या सैन्यात जो वाद झाला त्यात मताधिकार कोणाला, हा मुद्दा होता. सर्वांत गरीब माणसालाही मत असावे, असा पक्ष रेन्सबरो या अधिकाऱ्याने मांडला. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याचे भय वेगळे होते : निर्धनांच्या हाती मत गेले तर प्रॉपर्टी कशी टिकेल? त्याच सुमारास समतावादी रिचर्ड ओव्हर्टन याने शब्द उलटा फिरवून, प्रत्येक माणसाला निसर्गतःच स्वतःवर मालकी आहे असे प्रतिपादिले. जॉन लॉकने १६८९ साली हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. त्याच्या विवेचनात जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता या तिहींना मिळून ‘प्रॉपर्टी’ हे एकच नाव आहे. माणूस स्वतःच्या देहाचा स्वामी, म्हणून त्या देहाच्या श्रमाचा स्वामी, आणि म्हणून श्रम मिसळलेल्या भूमीचाही स्वामी. विचाराची ही शिडी देखणी आहे. परंतु हाच लॉक कॅरोलायना वसाहतीच्या ‘प्रोप्रायटर’ म्हणविणाऱ्या उमरावांचा चिटणीस होता, आणि १६६९ मध्ये तयार झालेल्या ज्या मूलभूत नियमांच्या मसुद्याशी त्याचे नाव जोडले जाते, त्यांत स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामांवर निरपवाद सत्ता दिलेली आहे. स्वतःच्या देहावरील मालकीचा सिद्धांत आणि दुसऱ्याच्या देहावरील मालकीचा कायदा एकाच टेबलावर लिहिला जावा, हे त्या शतकाला खटकले नाही.

ते किती दूरवर गेले याचा पुरावा ‘झाँग’ जहाजाच्या खटल्यात आहे. १७८१ मध्ये या गुलामवाहू जहाजाच्या खलाशांनी पाणी अपुरे पडत असल्याची सबब सांगून सुमारे १३० आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकले. १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयापुढे हे प्रकरण आले ते खुनाचा खटला म्हणून नव्हे. बुडालेल्या मालाची भरपाई विमेदारांनी द्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता. पुढे १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्याच्या मोठ्या भागातली गुलामी संपविली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, मुक्त झालेल्यांना काही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढेच ठरविले की, माणूस ही कोणाची मालमत्ता आहे असा दावा कोणतेही न्यायालय ऐकणार नाही. गुलामी गुन्हा ठरण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

‘प्रोप्रिउस’चा अर्थ पाहताच संस्कृत जाणणाऱ्यास ‘स्व’ हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. ‘स्व’चे अर्थ चार : आपण स्वतः, आपले, आपले नातलग, आणि धन. हा शब्द सर्वनाम केव्हा मानावा हे सांगताना पाणिनीने नातलग आणि धन हे दोन अर्थ मुद्दाम बाजूस काढले आहेत. ‘स्वामी’ही त्याच ‘स्व’पासून झालेला. मीमांसकांना या चार अर्थांनी चांगलेच अडचणीत टाकले. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते. सर्वस्व म्हणजे जे जे ‘स्व’ ते सर्व. मग आईबापही द्यावयाचे काय? जैमिनीच्या परंपरेने उत्तर दिले की नाही, कारण त्या नात्याला मालकी म्हणत नाहीत. पुढचा प्रश्न अधिक मोठा होता. यज्ञ करणारा सार्वभौम राजा असेल, तर त्याने पृथ्वी द्यावी काय? शबरस्वामीने याचेही उत्तर नकारार्थी दिले. राजाकडे रक्षणाचे काम आहे आणि त्याबद्दल पिकाचा वाटा आहे. भूमीशी संबंध सर्वांचाच आहे. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, हिंदुस्थानात सारी जमीन राजाची असते, असे सिद्धांतवजा विधान वारंवार केले, तेव्हा हा प्रश्न येथे पूर्वीच विचारला गेला होता याची दखल फार थोड्यांनी घेतली.

‘स्व’ला भाववाचक प्रत्यय लावून ‘स्वत्व’ होते. ‘प्रोप्रिएतास’ची घडण अगदी तीच. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवर, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. दायविभागाच्या आरंभीच त्याने विचारले : स्वत्व शास्त्रामुळे निर्माण होते की लोकव्यवहारामुळे? पूर्वपक्षाची शंका मार्मिक आहे. स्वत्व केवळ लौकिक मानले तर, माझी वस्तू याने चोरली, असे म्हणता येणार नाही, कारण वस्तू ज्याच्या हाती त्याची ठरेल. विज्ञानेश्वर तरीही लौकिक पक्षच उचलून धरतो. शास्त्राचे नावही न ऐकलेले सीमेपलीकडचे लोक खरेदी-विक्री करतातच, तेव्हा स्वत्व शास्त्राने जन्मास घातलेले नाही. चोराचा ताबा हा मुळी संपादनाचा लोकमान्य प्रकारच नव्हे. फ्रान्सिस्कनांच्या वादाआधी सुमारे दोन शतके लिहिलेले हे विवेचन त्या वादाच्या तोडीचे आहे, आणि भाषा त्याहून शांत आहे. मुलाचे वडिलार्जित धनातील स्वत्व जन्मतःच निर्माण होते, हे त्याचे मत पश्चिम व दक्षिण भारताने स्वीकारले. बंगालने जीमूतवाहनाचा दायभाग मानला. हे दोन्ही निबंध कोलब्रुकने १८१० मध्ये इंग्रजीत आणले आणि ‘स्वत्व’च्या जागी ‘प्रॉपर्टी’ हा शब्द बसला.

मराठीत मात्र ‘स्वत्व’ने न्यायालय सोडले. आजच्या मराठीत स्वत्व गमावणे याचा अर्थ जमीन गमावणे असा कोणी करीत नाही. तो स्वाभिमानाचा, अस्मितेचा शब्द झाला आहे. इंग्रजी शब्द गुणाकडून वस्तूकडे गेला, आणि त्याचा संस्कृत जोडीदार धनाकडून ‘स्व’कडे परतला. व्यवहाराची जागा अरबी-फारसी वळणाच्या शब्दांनी भरून काढली : मालक, मालमत्ता, दौलत, मिरास, वतन. त्यांतही मौज आहे. ग्रामीण मराठीत जमीनजुमल्याला ‘जिनगी’ म्हणतात. तो फारसी ‘जिंदगी’च, म्हणजे मुळात जीवित. लॉकने ग्रंथ लिहून जे दोन अर्थ एकत्र बांधले ते बोलीने सहज एकत्र केले. माहेरच्या मुलखाचे नाव असलेला ‘वतन’ हा शब्द दख्खनेत वंशपरंपरेच्या अधिकाराचा वाचक झाला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण ही सर्व वतने. त्यांत जमीन असे, पण मानही असे, पोळ्याला पहिला बैल कोणाचा ही गोष्टही असे. वतनाच्या कज्ज्यात गोतसभेपुढे पिढ्यांची वहिवाट साक्षीपुराव्याने शाबीत करावी लागे.

अशा प्रदेशात ‘प्रॉपर्टी’ हा शब्द राज्यकर्त्यांचा शब्द म्हणून आला. बंगालमध्ये त्याने १७९३ सालीच आपले काम केले होते. कायमधाऱ्याच्या नियमांनी जमीनदारांना भूमीचे ‘प्रोप्रायटर’ ठरविले, आणि सारा गोळा करून देणाऱ्यांचा वर्ग एका नामाभिधानाने धनी झाला. कसणाऱ्यांच्या जुन्या हक्कांसाठी त्या परिभाषेत जागाच उरली नाही. रणजित गुहा यांचा १९६३ चा ग्रंथ या एका कल्पनेची युरोपीय कुळकथा सांगतो.

दख्खन हाती आली १८१८ मध्ये. दुसऱ्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात मिराशी शेतकऱ्यांचे वर्णन आहे. मिरासदार जमीन विकू शकत असे, गहाण टाकू शकत असे. परागंदा झाला तरी परतून आपली मिरास मागू शकत असे. उपऱ्याला हे हक्क नव्हते. तेव्हा जमीन कोणाची, या प्रश्नाचे येथले उत्तर एका शब्दात मिळण्यासारखे नव्हते. ते कोण कोणत्या नात्याने विचारतो यावर अवलंबून होते. १८३५ नंतर इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने शेताशेताला नंबर दिला आणि सरकारात धारा भरणाऱ्याचे नाव त्यापुढे लिहिले. मिराशी आणि उपरी हा भेद हळूहळू पुसला गेला. नंबरावरचा हक्क आता सहज गहाण पडू लागला, आणि सावकाराच्या दस्तऐवजाला दिवाणी न्यायालयाचे बळ मिळाले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी रोख कर्जरोख्यांवर होता आणि ते जाळले जात होते. शेतकऱ्यांना शब्दाचा अर्थ बरोबर समजला होता, असेच म्हणावे लागते.

या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. त्याच वर्षी आलेल्या मुंबईच्या जमीन महसूल संहितेने जमीन धारण करणाऱ्याला मालक म्हटले नाही. ‘ऑक्युपंट’, म्हणजे कब्जेदार, म्हटले. १९६६ च्या महाराष्ट्र संहितेतही शब्द तोच आहे. सातबाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याच्या नावाशी आजही ‘भोगवटादार’ असे लिहिलेले असते. उपभोग तुझा, पुढचे विचारू नकोस, हा पोप निकोलसचा तोडगाच जणू तलाठ्याच्या दप्तरात येऊन बसला आहे.

भारतीय संविधानाने १९५० मध्ये संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे त्यावर आपटू लागताच पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्क रद्द केला आणि अनुच्छेद ३००-क मध्ये त्याला साध्या वैधानिक हक्काची जागा दिली.

या सर्व शब्दांत सर्वांत अवघड ठरला तो ‘वतन’, आणि वतनांतही महारवतन. हाडकी-हाडवळ्याची जमीन आणि बलुत्याचे धान्य यांच्या मोबदल्यात महाराने गावाचा सांगावा पोचवायचा, सारा ठाण्यात न्यायचा, मेलेले ढोर ओढायचे, आणि शिवेचा तंटा पडला तर साक्ष द्यायची. दुसऱ्यांच्या जमिनीची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे त्याच्या स्वतःच्या वाट्याची जमीन भावकीत वाटली जाऊन काही वाफ्यांपुरती उरे. कागदोपत्री तो वतनदार, म्हणजे हक्काचा धनी. व्यवहारात ते वतनच त्याचे धनी होते. वतन एका घराला आणि चाकरी साऱ्या वस्तीला, वेळी-अवेळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या गाठीवर बोट ठेवून. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. वतन हा मानाचा अवशेष आहे, तो सोडू नये, असे समाजातही काहींना वाटत होते. आंबेडकरांची भूमिका ती बेडी आहे अशी होती.

कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. चाकरी संपली, जमीन सरकारजमा होऊन कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर पूर्वीच्या वतनदारांना परत द्यावयाची होती. ती परत मिळाली नव्या आणि अविभाज्य शर्तीवर : जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही. सातबारावर अशा जमिनीपुढे ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असते.